कनेरगाव नाक्यापर्यंत

परतूर आलं तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. देवगिरी एक्स्प्रेसच्या खिडकीतून फलाटावरचा पिवळा उजेड आणि चहाची किटली घेऊन डब्यामागे पळणारा एक मुलगा, एवढंच दिसलं. डबा झोपला होता. मी मुद्दाम जागी राहिले होते. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन या गावात भरलं. तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यात होतं; १९८१ साली जालना जिल्हा झाला आणि ते तिकडे गेलं. निजामाच्या राज्यात चार माणसांना उघडपणे राजकारण बोलायची सोय नव्हती. म्हणून भाषा, शाळा, शेतीचा सारा अशा विषयांवर माणसं एकत्र येत आणि मनात असलेलं निराळंच काही एकमेकांच्या डोळ्यांत वाचत. गाडी दोन मिनिटं थांबली आणि निघाली. सेलू गेलं, मानवत रोड गेलं. पूर्वेला तांबडं फुटलं तेव्हा दोन्ही बाजूंना काळी रानं दिसायला लागली. कपाशी गुडघ्याच्या वर जेमतेम आली होती. २०२३ चा ऑगस्ट सगळा कोरडा गेला होता आणि सोयाबीनच्या शेंगा भरायच्या आधीच पानं पिवळी पडली होती.

तो दिवस १७ सप्टेंबरचा, रविवारचा. मराठवाडा मुक्तिसंग्रामाला ७५ वर्षं पूर्ण होत होती. मी आबांकडे निघाले होते.

आबा म्हणजे माझ्या आईचे मामा. तेव्हा वय ९३. जिंतूर तालुक्यातल्या एका लहानशा गावात राहतात. त्यांचं आणि गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तशी त्यांनी अट घातली. "नाव लिवायचं आसंल तर आधी त्याचं लिव. त्याचं लिवता येत नसंल तर माजंबी नगं." तो म्हणजे कोण, हे पुढे येईलच. पण त्याचंही नाव लिहू का असं मी विचारलं तेव्हा आबा म्हणाले, त्याच्या घरचं कुणी उरलं नाही, मग परवानगी कुणाची घेणार? म्हणून दोघांचीही नावं राहिली.

परभणी स्टेशनवरून मी आधी राजगोपालाचारी उद्यानात गेले. स्मृतिस्तंभाला फुलं वाहिली होती, पोलिसांच्या बँडची मुलं वाद्यं पुसत होती. बाकावर तीन-चार म्हातारे पांढऱ्या टोप्या घालून बसले होते. काही वर्षांपूर्वी आईबरोबर आले होते तेव्हा तीन बाक भरलेले पाहिले होते.

आबांना त्यांच्या पुतणीनं आदल्या दिवशीच परभणीला आणून ठेवलं होतं, कारण दुपारी एका सभागृहात सत्कार होता. मी पोहोचले तेव्हा ते धोतर नेसून, कोट घालून, अंगणातल्या खुर्चीत तयार बसले होते. मला पाहून त्यांनी उजव्या हाताची बाही वर सारली. लहानपणापासूनचा हा आमचा खेळ. कोपराच्या जरा खाली, कातडीच्या आत एक छर्रा आहे. जोंधळ्याच्या दाण्याएवढा. बोटानं दाबला की सरकतो. आम्ही सगळी नातवंडं तो दाबून पाहूनच मोठी झालो. कातडी आता कागदासारखी पातळ झाली आहे, त्यामुळे दाणा नुसता डोळ्यांनीही दिसतो.

"हाय का जाग्यावर?"

"आहे, आबा."

"मंग झालं."

सत्कार व्यवस्थित झाला. शाल, श्रीफळ, गुच्छ, टाळ्या. निवेदकानं आदरानं हात धरून त्यांना माईकपाशी नेलं आणि दोन मिनिटं बोला म्हणाला. आबांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "माजा एक जोडीदार व्हता…" त्यानंतर ते थांबले. इतका वेळ थांबले की लोकांना वाटलं विसरले. ते विसरले नव्हते, मी पाहत होते. त्यांचा ओठ हलत होता. निवेदक पुढे झाला, "आबांना भरून आलंय," म्हणाला, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रांगेत अजून अकरा जण होते आणि बाहेर जेवणाची पंगत खोळंबली होती. पण ९३ वर्षांचा माणूस ७५ वर्षांपूर्वीचं एक वाक्य घेऊन उभा असतो आणि ते पुरं व्हायच्या आत त्याला खाली बसवलं जातं, हे मला आतून लागलं. परतताना गाडीत आबा म्हणाले, "उद्या मला नदीवर ने." कुठली नदी हे मी विचारलं नाही. पैनगंगाच.

त्या संध्याकाळी आम्ही गावी गेलो. झरी, बोरी, जिंतूर असा रस्ता. जिंतूर जवळ आलं की सपाटी संपते आणि डोंगर सुरू होतात; त्यातच नेमगिरीची जैन लेणी आहेत. आबांचं गाव त्या डोंगरांच्या पायथ्याशी. घरी सूनबाईंनी पेटी उघडून आजची शाल आत ठेवली. पेटीत शालींच्या चळती. "कापूस येचायला बाया येत्यात, थंडीत त्याह्यला दिल्या दहा-बारा," त्या म्हणाल्या. "आबाच म्हनले, दे." मला ते आवडलं. शालीखाली एक जाड फाईल होती, सुतळीनं बांधलेली. ती फाईल आबांची नव्हे, जोडीदाराची.

आता थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर नदीचा अर्थ लागणार नाही.

हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते आणि परभणी त्यातला एक. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा इथे तिरंगा लावणं गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादेत झेंडा फडकवला आणि त्यांना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला, पण गावांत काही जैसे थे राहिलं नाही. लातूरचा वकील कासीम रझवी निजामाच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या रझाकारांचा म्होरक्या झाला होता आणि त्यांच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसनं सरहद्दीच्या पलीकडे कॅम्प उभारले. परभणी जिल्ह्याला उत्तरेकडची सरहद्द पैनगंगेची, पलीकडे वऱ्हाड. कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचाच, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे गेलेला, आणि १९४७ नंतर भारत सरकारचा. त्यामुळे एक नदी ओलांडली की राज्य बदलत होतं. कॅम्पातली पोरं रात्री अलीकडे यायची, तारा तोडायची, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळायची, पटवाऱ्याचं दप्तर पेटवायची, शिंदीची झाडं तोडायची, कारण शिंदीवर सरकारला मोठा महसूल मिळायचा. उजाडायच्या आत पुन्हा नदीपार. शस्त्रं म्हणजे ठासणीच्या बंदुका, थोडी काडतुसं, कुठे हातबाँब.

आबा तेव्हा १८ वर्षांचे. उर्दू शाळेत शिकलेले, कारण शिक्षणाचं माध्यमच उर्दू. अजूनही पैसे मोजताना ते एक, दो, तीन, चार असे मोजतात, आणि साल विचारलं तर आधी तेराशे सत्तावन फसली म्हणतात, मग १९४८. कॅम्पात ते एकटे गेले नाहीत. त्यांच्या शेतावरच्या सालगड्याचा मुलगा बरोबर होता. एकाच वयाचे, एकाच रानात गुरं वळलेले. आबा मालकाचा मुलगा आणि तो सालगड्याचा. पण कॅम्पात दोघांना एकच घोंगडी मिळाली, एकाच ताटात भाकरी. आबा सांगतात, घरी असतो तर हे कधी झालं नसतं.

१८ तारखेला सकाळी आम्ही निघालो. हरतालिका होती. सूनबाईंचा कडक उपास, तरी पहाटे उठून त्यांनी आमच्यासाठी दशम्या, तिळाची चटणी आणि दही बांधून दिलं. गावातल्याच एका मुलाची जीप. आबा पुढे बसले, कोट घालूनच. जिंतूरहून औंढा नागनाथला जाणारा रस्ता चढ-उताराचा आहे. औंढ्याला देवळाचं शिखर दिसलं तसे आबांनी हात जोडले, उतरलो मात्र नाही. हा सगळा मुलूख १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्हाच होता. त्या दिवशी हिंगोली वेगळा झाला. आबांच्या मनातला जिल्हा अजून जुनाच आहे. हिंगोली लागलं तरी ते "आपली परभनीच" म्हणत होते.

वाटेत वसमतचा फाटा दाखवणारी पाटी आली. आबा म्हणाले, "वापटीचा बहिर्जी." वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, आणि मुलामुलींच्या गुणपत्रिकेवर ते नाव छापून येतं. आबांना त्याचं मोठं समाधान वाटतं. "पोरं परीक्षेचा फारम भरत्यात, त्यावर त्याचं नाव लिवत्यात," ते म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर हळूच, "आमच्या गड्याचं नाव कुठं लिवलेलं नाही. मतदार यादीतबी नाही. तव्हा यादीच नव्हती."

हिंगोलीहून वाशीमच्या रस्त्याला लागलो. इकडे रान जरा हिरवं होतं. कनेरगाव नाका जवळ आला तसे आबा सावरून बसले. गावाच्या नावातच नाका आहे. गाव ओलांडलं की पैनगंगेचा पूल, आणि पुलापलीकडे वाशीम जिल्हा. आज कुणी थांबवत नाही, मालमोटारी एकामागून एक धावत असतात. पुलाच्या अलीकडे मुलानं जीप कडेला घेतली. आबा उतरले, काठी टेकली आणि कठड्यापाशी गेले. पाणी फार नव्हतं. मधला प्रवाह गढूळ, दोन्ही काठांना लव्हाळं, खाली एक माणूस म्हशी धूत होता.

आबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ही नव्हं."

"म्हणजे?"

"नदी हीच. जागा ही नव्हं. वर हाय कुठंतरी. का खाली?"

आम्ही काठाकाठानं बैलगाडीच्या वाटेनं जीप नेली. एका ठिकाणी आबा थांब म्हणाले, उतरले, नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी आंब्याचं झाड शोधलं, झाड नव्हतं. एका शेतकऱ्याला विचारलं, इथे जुना उतार कुठं होता? त्यानं दोन जागा सांगितल्या. तिसऱ्या ठिकाणी नदी वळण घेते आणि काठावर काळ्या दगडाचा एक पट्टा पाण्यात उतरतो. तिथे आबा काही बोलले नाहीत. दगडावर बसले. मी ओळखलं की हीच जागा, किंवा त्यांनी आता हीच ठरवली आहे. ७५ वर्षांत नदीनं किती वेळा काठ बदलला असेल, कुणी सांगावं. मला त्यानं काही फरक पडत नव्हता.

तिथे त्यांनी आदल्या दिवशीचं वाक्य पुरं केलं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. त्यांनी जसं सांगितलं तसं, त्यांच्याच क्रमानं लिहिते.

श्रावण होता. राखी पुनवेच्या मागंपुढं. आठ जण अलीकडे आले होते, तारेचे खांब पाडायला. चार खांब पाडले. परत येताना काठावर कुणीतरी ओरडलं आणि बार झाले. पोलीस होते की रझाकार, आजवर कळलं नाही. आबांच्या हाताला चटका बसल्यासारखं झालं. चांदणं लख्ख, लपायला काही नाही, नदीला पाणी चढलेलं. सहा जणांनी उड्या टाकल्या. आबा काठावर उभे राहिले, कारण त्यांना पोहता येत नाही. येताना ते भोपळ्याच्या सांगडीवर आले होते आणि ती सांगड आता दुसरीकडे राहिली होती.

"तो पान्यात उतरला व्हता. कमरेएवढ्या. मागं वळून बगितलं त्यानं. मी हुबा. तो परत आला. काय बोलला न्हाई. माज्या धोतराचा सोगा धरला आन् वडलं मला. मी पान्यात पडलो. मला काई दिसंना. नाका-तोंडात पानी. तो वडीत व्हता. मदी एकदा म्हनला, हात मारू नको, ल्हाश्यावानी पड. मी पडलो तसा. मंग पायाला गाळ लागला. पल्याडचा गाळ. मी वर चढलो, मागं बगितलं तर सोगा मोकळा."

गोळी लागली की दम संपला की नदीची धार लागली, काही कळलं नाही. सकाळी कॅम्पातल्या लोकांनी खाली दोन कोस शोधलं. पुढे महिनाभरानं पोलीस ॲक्शन झाली, भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या.

आबांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पुरचुंडी काढली. त्यात रुपया होता, हाली सिक्का. एका बाजूला चारमिनार, अंगठ्यानं घासून घासून जवळजवळ सपाट झालेला. निजामाच्या राज्यात हाली चालायचा, पलीकडे वऱ्हाडात कलदार. हाली तिकडे कुणी घ्यायचं नाही, घेतला तर बट्टा लावून. कॅम्पात त्याचा काही उपयोग नव्हता. तो जोडीदाराचा होता. वर्षाच्या सालातून बापानं दिलेला. त्याच्या अंगात नुसती कोपरी, तिला खिसा नाही, म्हणून त्या रात्री त्यानं तो आबांच्या बंडीच्या खिशात ठेवायला दिला होता.

मला वाटलं, आबा तो रुपया नदीत सोडतील. आपण असं वाचलेलं असतं. मी तसं विचारलंही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, पण मी अगदीच लहान असल्यासारखं.

"माय, ह्यो माजा न्हाई. मी कसा टाकू? त्यानं ठिवायला दिला हाय."

पुरचुंडी परत खिशात गेली. आम्ही तिथेच दशम्या खाल्ल्या. आबांनी एक दशमी मोडून निम्मी दगडावर ठेवली आणि कावळ्याची वाट न बघता हात धुतले.

फाईलबद्दल सांगायचं राहिलं. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मानाची योजना आली. हैदराबादच्या लढ्याला त्यात जागा मिळायला आणखी वेळ लागला. मग पुरावे मागायला सुरुवात झाली. तुरुंगात गेलेल्याजवळ तुरुंगाचा दाखला असतो. जो पकडला गेला नाही, त्याच्याजवळ काय असणार? त्याला इतर सैनिकांची, कॅम्पप्रमुखांची प्रमाणपत्रं आणावी लागत. आबांना ती मिळाली, उशिरा का होईना. मग त्यांनी जोडीदाराच्या आईसाठी अर्ज केला. एका कार्यालयानं विचारलं, मृत्यूचा दाखला? दाखला नाही. प्रेत सापडलं होतं का? नाही. पंचनामा? परक्या राज्याच्या सरहद्दीवर, मध्यरात्री, बंडखोर पोराचा पंचनामा कोण करणार होतं! अर्ज परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. त्या सगळ्या खेपा, शिक्के, पोचपावत्या सुतळीनं बांधून शालींच्या खाली आहेत. म्हातारी १९८० च्या सुमारास गेली. तोवर दर सुगीला आबांच्या खळ्यावरून पहिलं पोतं ज्वारीचं तिच्या घरी जायचं, घरातल्या कणगीत धान्य पडायच्या आधी. हे मला आबांनी नाही, आईनं सांगितलं. लहानपणी तिनं ते पोतं बैलगाडीत चढताना पाहिलं आहे. अवर्षणाच्या, १९७२ च्या साली खळ्यावर पोतंभरही निघालं नाही, तेव्हा निम्मं गेलं.

शौर्याबद्दल आपण बोलतो तेव्हा बंदूक घेऊन नदी ओलांडणारा आपल्या डोळ्यांपुढे येतो. आबांच्या सत्कारात तेच वाचून दाखवतात. मला विचाराल तर त्या रात्री कमरेएवढ्या पाण्यातून मागे फिरला त्या मुलाचं शौर्य मोठं, आणि नंतर तीसेक वर्षं न चुकता निघालेल्या त्या पोत्याची निष्ठाही तेवढीच.

परतीला उन्हं उतरली. हिंगोलीत चहा घेतला. मी सहज म्हटलं, आबा, १९४८ साली आजच्याच तारखेला, १८ सप्टेंबरला, निजामाच्या फौजेचा सेनापती अल् इद्रूस जनरल चौधरींपुढे शरण आला. आबांनी मान हलवली. त्यांना त्या दिवसाचं ठाऊक होतं ते वेगळं. १३ तारखेला भारताच्या फौजा शिरल्या, सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आणि इकडे औरंगाबादेकडून. गणपतीचे दिवस होते. १७ च्या संध्याकाळी निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. कॅम्पात पोरांनी टोप्या उडवल्या, गूळ वाटला. आबांनी गूळ खाल्ला नाही. दोन दिवसांनी ते खांद्याला बंदूक अडकवून गावात आले.

"मंग दुसरं सुरू झालं," ते म्हणाले आणि गप्प झाले. पुढचं त्यांनी गावात पोहोचल्यावर सांगितलं.

जीप वेशीतून आत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी, त्यामुळे पारापाशी पोरं मांडव बांधत होती, कुणी दिव्यांच्या माळा सोडवत होतं. आबांनी घरी न जाता मागच्या आळीला गाडी न्यायला सांगितली. तिथे एक पडका वाडा आहे. भिंती खचल्यात, आत सीताफळीचं रान माजलंय, पण दारापुढचा दगडी ओटा शाबूत आहे. रोज संध्याकाळी आबा तिथे येऊन बसतात. मी लहानपणापासून पाहत आले, पण का, हे कधी विचारलं नव्हतं.

तो वाडा उर्दू शाळेतल्या त्यांच्या मास्तरांचा. मास्तर रझाकारांत नव्हते. रझाकारांच्या विरोधात लिहिणारे संपादक शोएबुल्ला खान यांचा त्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत खून झाला, तेव्हा मास्तरांनी शाळेत मुलांपुढे डोळे पुसले होते, असं गावात बोललं जाई. पण ॲक्शननंतरच्या त्या आठवड्यांत कोण कसा होता हे कुणी विचारत नव्हतं. बाहेरगावचे लोक बैलगाड्या घेऊन लुटायला येत होते. मराठवाड्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांची मोठी कत्तल झाली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीसाठी पाठवलं; त्यांच्या अहवालात मृतांचा आकडा २७ हजार ते ४० हजारांच्या दरम्यान धरला आहे. तो अहवाल पुढे अनेक दशकं लोकांसमोर आला नाही. सतरा सप्टेंबरच्या भाषणांत हे सहसा कुणी बोलत नाही. आबांनाही कुणी विचारलं नाही.

"म्या हितं बसलो," आबा म्हणाले, ओट्याच्या उजव्या टोकावर हात ठेवून. "चार राती. तीच बंदूक. आमचेच लोक आले व्हते, कॅम्पातले दोघं. म्हनले, तू ह्याच्यासाठी लढलास का? म्या म्हनलं, व्हय. ते थुंकले आन् गेले. तिसऱ्या राती गाड्या आल्या. मी हुबा राहिलो. बार काढला न्हाई. नुसता हुबा राहिलो. त्या फिरल्या."

मग त्यांनी काठी उचलून आळीच्या दुसऱ्या टोकाकडे दाखवली. तिथे आता पाण्याची टाकी आहे.

"तितं एक आतारी व्हता. बायको, तीन लेकरं. ह्या गाड्या हितून फिरल्या त्या तिकडं गेल्या. मला आवाज आला. मी हितून उठलो आसतो तर हे घर गेलं आसतं. न्हाई उठलो तर ते गेलं." ते थांबले. "एकच ओटा राखला मी, माय. एकच."

मास्तर त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत शिकवत राहिले, उर्दूऐवजी मराठीतून. त्यांची मुलं औरंगाबादेला गेली, वाडा पडत गेला. जागा विकत घ्यायला आबांकडे दोनदा माणसं आली. जागा त्यांची नाही, तरी गाव त्यांनाच विचारतं. ते नाही म्हणतात.

पारावर मांडवाची एक माळ लागली आणि आळीत लाल-हिरवा उजेड पडला. दोन पोरं धावत आली. "आबा, उद्या आरती तुमच्या हातानं हाय." आबांनी बरं म्हटलं. पोरं गेली. मी अजून उभीच होते. आबा थोडे डावीकडे सरकले आणि शेजारच्या दगडावरून तळहात फिरवला.

"बस. अजून कोमट हाय."